निरोपात ‘उद्या’ लिहू नका

सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी येणार नाही’ असा निरोप पडला की तो तीन दिवस फिरतो, आणि रोजच उद्या असतो. आमच्याकडे एकदा बादल्या, पातेली, अगदी कुकरसुद्धा उगाच भरून ठेवला होता. म्हणून वार, तारीख, वेळ आणि कुठली विंग, हे निरोपातच लिहा. पावसाळ्यात तर हवंच. आमच्या नाशिकला गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडलं की दुतोंड्या मारुतीचे, म्हणजे पूर किती चढला हे जिच्यावरून बघतात त्या गोदाघाटावरच्या मूर्तीचे, फोटो सुरू होतात. त्यात जुनेही घुसतात. गोदाघाटावर गाडी लावलेल्याला आजचा कोणता, हे कळायला नको? पाणी आलं की त्याच निरोपाला रिप्लाय करून तसं सांगा. जिन्यातला फळाही पुसा, तो हमखास राहतो.