स्लॅबवरची विटेची रेघ

आमच्या स्लॅबवर पाच फूट दोन इंचांची एक रेघ आहे, विटेच्या तुकड्यानं ओढलेली. ती माझी उंची. रेघेच्या एका टोकावर उभं राहायचं आणि सावली रेघेवर पाडायची. सावलीचं डोकं दुसऱ्या टोकाच्या अलीकडेच राहिलं तर ऊन ड जीवनसत्त्वासाठी कामाचं. पलीकडे गेलं तर नुसती ऊब.

मी नागपूरच्या मिहान या उद्योग वसाहतीत रात्रपाळी करते. सकाळी स्कूटीवर घरी, तेही नागपुरी थाटात: डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये, हातात कोपरापर्यंत मोजे. मग पडदे ओढून झोप. सव्विसाव्या वर्षी जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व निघालं 9 (मिलिलीटरमागे नॅनोग्रॅम). 20 च्या खाली म्हणजे कमतरता. "नागपुरात राहून ऊन कमी पडलं? काहून बाप्पा!" इति आई.

तिनं साडेसहाचं कोवळं ऊन सुचवलं. महिनाभर इमानदारीनं बसले. फुकट! कातडीत ड तयार करतात ते उन्हातले यूव्ही-बी नावाचे अतिनील किरण, आणि सूर्य खाली असताना ते वरच्या वर हवेतच अडतात. काचेतूनही येत नाहीत, त्यामुळे खिडकीतली खुर्ची बाद. सूर्य 45 अंशांच्या वर चढला की सावली उंचीपेक्षा आखूड होते. मे महिन्यात हे नागपुरात नऊच्या सुमारास होतं. डिसेंबरात मात्र भर बारालाही सावली जेमतेम उंचीएवढी, म्हणून तेव्हा मी दुपारी बाराच्या आसपास वीस-पंचवीस मिनिटं बसते. मेमध्ये नऊनंतर दहा मिनिटं, पाणी पिऊन, की खाली. हात आणि पोटऱ्या उघड्या, चेहऱ्याला सनस्क्रीन. सावळ्या कातडीला गोरीपेक्षा जास्त वेळ लागतो.

माझा आकडा इतका खाली होता की नुसत्या उन्हावर भागलं नसतं. डॉक्टरांनी 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी दिली. ती मनानं घेत राहू नका. हे जीवनसत्त्व अंगात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम नको तितकं वाढवतं.

हाडांसाठी ड लागतं खरं, पण नुसतं ऊन हाड बांधत नाही. ड मुळे आतड्यातलं कॅल्शियम रक्तात येतं, एवढंच. हाड जाड करायचं की नाही, ते त्याच्यावर पडणाऱ्या भारावर ठरतं. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड असतं; अंतराळात भारच नाही, तर खुब्याचं हाड महिन्याला सुमारे एक टक्क्यानं झिजतं. तिशीपर्यंतच काय ती जमा, पुढे खर्च.

मी फुटाळा तलावापर्यंत सायकल मारायचे, वाटायचं झाला व्यायाम. दमासाठी उत्तम, पण सायकलीवर वजन सीटवर, हाडाला दणका कुठला? आता जागच्या जागी दहा उड्या, प्रत्येक उडीनंतर अर्धा मिनिट थांबून. हाड लवकर कंटाळतं, सलग शंभर मारून फार जास्त उपयोग नाही. मधली विश्रांती हवी. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. ऑफिसात लिफ्टऐवजी जिना. आठवड्यातून दोनदा पाठीवर दप्तर भरून बैठका. गुडघा दुखत असेल किंवा आधी हाड मोडलं असेल तर उड्यांआधी डॉक्टरांना विचारा.

खाण्यात नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दही. दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं.

चार महिन्यांनी आकडा 31 आला. उन्हाळ्यात आई सांडगे घालायला नऊलाच स्लॅबवर येते, आणि परात खाली ठेवायच्या आधी रेघेवर उभी राहते. तिची उंची चार फूट अकरा. तिच्यासाठी दुसरी रेघ ओढायची राहिली आहे.