क्यूएमूमध्ये आरटीसीचा इंटरप्ट तपासताना

क्यूएमू म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये दुसरा कॉम्प्युटर (गेस्ट) उभा करणारा प्रोग्राम, आणि क्यूटेस्ट ही त्यातली डिव्हाइसेस तपासण्याची सोय. क्यूटेस्टखाली गेस्टचा सीपीयू एकही सूचना चालवत नाही. इंटरप्ट (डिव्हाइसने सीपीयूचं लक्ष वेधायला दिलेला इशारा) आला तरी त्याला हँडलर, म्हणजे तो हाताळणारा कोड, नसतो. तुमची टेस्टच पोर्टवर वाचते-लिहिते आणि इंटरप्टची लाइन (इशाऱ्याची तार) वर आहे की खाली, एवढंच पाहते. पीसी मशीनमधलं आरटीसी (वेळ आणि अलार्म सांभाळणारं घड्याळ) घेऊ. त्याची लाइन ८ नंबरची.

मशीन सुरू करतानाच ‘-आरटीसी क्लॉक=व्हीएम’ (-rtc clock=vm) हा पर्याय द्या. तो द्यायचा राहिला तर आरटीसी होस्टच्या (क्यूएमू चालवणाऱ्या खऱ्या कॉम्प्युटरच्या) वेळेवर चालतं, आणि क्लॉक-स्टेप या क्यूटेस्टच्या आज्ञेने वेळ कितीही पुढे ढकलली तरी अलार्म तिला जुमानत नाही.

मग आरटीसीला हात लावण्याआधी आयओएपिकच्या (डिव्हाइसेसचे इंटरप्ट सीपीयूकडे पोहोचवणाऱ्या चिपच्या) इनपुटवर इंटरसेप्ट लावा, म्हणजे तिथल्या लाइनचे बदल टेस्टला कळतील. क्रम महत्त्वाचा आहे: क्यूटेस्ट सुरुवातीला लाइन शून्य धरतं आणि पातळी बदलली तरच कळवतं. एका सेशनमध्ये इंटरसेप्ट एकाच डिव्हाइसवर लागतो.

आरटीसीच्या रजिस्टरचा (आतल्या छोट्या साठ्याचा) नंबर पोर्ट हेक्स ७० वर लिहायचा, मूल्य हेक्स ७१ वर. अलार्मची रजिस्टरं १, ३ आणि ५; तिन्हींत हेक्स सी० लिहिलं की अलार्म दर सेकंदाला वाजतो. रजिस्टर सी एकदा वाचून जुनी फ्लॅग्ज (काय घडलं ते सांगणारे बिट) पुसा, मग रजिस्टर बीमध्ये हेक्स २२ लिहा (अलार्म चालू, २४ तासांची पद्धत). आता १०० कोटी नॅनोसेकंद, म्हणजे १ सेकंद पुढे सरका आणि लाइन ८ पाहा. वर नसेल तर आणखी एक-दोनदा सरका. अनंत लूप मात्र नको.

लाइन वर गेली की रजिस्टर सी वाचून हेक्स २० चा बिट तपासा. अख्ख्या मूल्याची तुलना करू नका, कारण त्याच सेकंदाला अपडेटचा बिटही लागलेला असू शकतो. हे वाचन फ्लॅग्ज पुसतं आणि लाइन खाली आणतं, म्हणून लाइन ८ पुन्हा पाहा. ही दुसरी तपासणी सर्रास गाळली जाते, आणि लाइन अडकून राहण्याचा बग तिथेच निसटतो.

क्षणभर वर जाऊन लगेच खाली येणारी लाइन अशा तपासणीत दिसत नाही, कारण हाती फक्त शेवटची पातळी लागते. अशा वेळी क्यूटेस्टचा लॉग चालू करून ‘रेज’ आणि ‘लोअर’ हे दोन्ही निरोप बघा.

पीसीआय डिव्हाइसेसच्या एमएसआय-एक्स या इंटरप्ट-पद्धतीला लाइनच नसते. तो मेमरीत केलेला एक राइट असतो. डिव्हाइसच्या एमएसआय-एक्स टेबलात गेस्ट मेमरीतला राखून ठेवलेला पत्ता आणि ओळखीचं मूल्य लिहा, त्या जागी आधी शून्य घाला, वेक्टरचा (टेबलातल्या त्या नोंदीचा) मास्क, म्हणजे तिला अडवणारा बिट, काढा आणि मूल्य उमटेपर्यंत, पण ठरावीक मुदतीतच, वाचत राहा. डिव्हाइसचं बस मास्टरिंग (स्वतः मेमरीत लिहिण्याची मुभा) बंद असेल, तर तिथे काहीच उमटणार नाही.