अपूर्णांकांची समीकरणं: या चुका टाळा

वह्या तपासताना माझी निम्मी लाल शाई एकाच जागी संपते: अपूर्णांकाआधीच्या उणे चिन्हापाशी. हे समीकरण घ्या.

क्ष/२ − (क्ष − ३)/५ = ३

२ आणि ५ चा लसावि १०. दोन्ही बाजूंना १० ने गुणलं की ५क्ष − २(क्ष − ३) = ३०. मग घाई नडते. कंस मनातल्या मनात सोडवून ५क्ष − २क्ष − ६ लिहितात आणि क्ष = १२ काढतात. अहो, उणे दोन गुणिले उणे तीन म्हणजे अधिक सहा! ३क्ष + ६ = ३०, म्हणून क्ष = ८.

हीच चूक मी भर वर्गात, फळ्यावर केली आहे. माझं उत्तर १२, पुस्तकात ८. छपाईची चूक असणार, असं ठोकून दिलं. शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, १२ घातले तर ६ वजा नऊ पंचमांश होतात. त्याचे ३ कसे?" खडू हातातच राहिला. तेव्हापासून अंशात दोन पदं दिसली की आधी त्यांना कंस घालतो, गरज नसली तरी. कंस सोडवायला वेगळी ओळ. कागद वाचवायची हौस दुसऱ्या विषयात भागवा.

"बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हा मंत्र मला मुळीच आवडत नाही. त्याच्याच जोरावर ३क्ष = २४ वरून क्ष = २४ − ३ लिहिणारे निघतात. दोन्ही बाजूंना ३ ने भागलं, असं सरळ लिहा की!

काटाकाटीचंही तेच. (क्ष + ६)/६ मधले दोन्ही ६ खोडून नुसता क्ष उरत नाही. क्ष = ६ घेऊन बघा, किंमत २ येते. काटायचं ते गुणाकारातलं, बेरजेतलं नव्हे.

लसाविने गुणताना उजवीकडचा एकटा ३ विसरू नका. भागाकारात उलटा करायचा तो दुसरा अपूर्णांक. आणि १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्यांनो, अर्ध्यात भर घालून अर्ध्याहून कमी कसं झालं?

ताळा करायचा तो मूळ समीकरणात. मधल्या ओळीत केलात तर चूक लपून जाते: ते चुकीचं १२ घेऊन ५क्ष − २क्ष − ६ करून पाहा, बरोब्बर ३० येतात.