सायनसचा संसर्ग डोळ्याच्या खोबणीत उतरत असेल तर काय करावे

सायनसचा त्रास सुरू असताना एका डोळ्याची पापणी सुजून लाल झाली, तर ती आपोआप उतरेल म्हणून घरी वाट पाहत बसू नये. नाक आणि डोळा यांच्यामध्ये असलेल्या एथमॉइड सायनसची बाहेरची भिंत कागदाइतकी पातळ असते आणि या भागातल्या शिरा खोबणीतल्या शिरांशी जोडलेल्याही असतात, त्यामुळे संसर्गाला खोबणीत शिरायला फारसा अडथळा उरत नाही. लहान मुलांमध्ये हे अधिक आढळते.

सूज किती आहे यापेक्षा डोळा कसा हलतो आणि त्याला कसे दिसते, हे पाहणे कितीतरी महत्त्वाचे आहे. हात स्वच्छ धुऊन सुजलेली पापणी अलगद उचलावी. बुबुळावर दाब मुळीच देऊ नये. डोके स्थिर ठेवायला सांगून बोट वर, खाली आणि दोन्ही बाजूंना फिरवावे, आणि तो डोळा मागे राहतो का, हलवताना दुखतो का, एकाचे दोन दिसते का, हे विचारावे. मग एकेक डोळा झाकून एखादी लाल वस्तू दाखवावी. सुजलेल्या डोळ्याला तो लाल रंग फिका भासला, तर दृष्टीची नस दबत असण्याची शक्यता असते. डोळा पुढे आल्यासारखा वाटतो का, हे कपाळाच्या बाजूने, वरून पाहिल्यास चटकन कळते.

यांपैकी काहीही आढळल्यास, किंवा तीव्र डोकेदुखी, उलट्या, ग्लानी अथवा दुसऱ्या डोळ्यावरही सूज दिसल्यास, रात्र असली तरी तडक रुग्णालय गाठावे. काहीच न आढळल्यास संसर्ग बहुधा पापणीपुरता असतो, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण लहान मुलाच्या बाबतीत घरची तपासणी पुरेशी भरवशाची नसते. उरलेली प्रतिजैविके किंवा स्टेरॉइड स्वतःच्या मनाने देऊ नयेत. मधुमेह असल्यास किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे सुरू असल्यास ते आधीच सांगावे. अशा रुग्णांत बुरशीचा संसर्ग झपाट्याने पसरतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

रुग्णालयात कान-नाक-घसातज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ दोघांनीही तपासणे आवश्यक आहे. सीटी स्कॅनमध्ये पू साचला आहे का हे पाहतात, शिरेतून प्रतिजैविके सुरू करतात आणि दृष्टी व बाहुल्या पुन्हा पुन्हा तपासतात. गळू लहान असेल तर, विशेषतः मुलांमध्ये, ते कधीकधी औषधांनीच विरते. मात्र दृष्टी घटू लागल्यास किंवा एक-दोन दिवसांत उतार न पडल्यास दुर्बिणीने नाकावाटे पू काढावा लागतो. घरी सोडल्यावर गोळ्यांचा कोर्स पूर्ण करावा, आणि सूज किंवा ताप परतल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता पुन्हा दाखवावे.