माजी सैनिकाची स्मरणिका कशी तयार करावी

वर्षश्राद्धाला वाटल्या जाणाऱ्या बहुतेक स्मरणिका एका साच्यातल्या असतात. मुखपृष्ठावर गणवेशातला फोटो, आत ‘शिस्तप्रिय, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल’, शेवटी शोकाकुल नातेवाइकांची यादी. नाव बदललं तर शेजारच्या गावातल्या फौजीलाही चालेल. तेराव्यापर्यंत घाईने काही छापू नका, एक पानी पत्रिका पुरे. नीट स्मरणिकेला तीन-चार आठवडे लागतात, त्यातले निम्मे कागद शोधण्यातच जातात.

सुरुवात काळ्या पत्र्याच्या ट्रंकेपासून. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, पदकं, जुनी अंतर्देशीय पत्रं बहुधा तिथेच सापडतात. डिस्चार्ज बुकात भरतीची आणि निवृत्तीची तारीख, हुद्दा, ट्रेड (सैन्यातलं नेमून दिलेलं काम), केलेले कोर्स आणि मिळालेली पदकं असतात. ते हरवलं असेल तर पत्नीच्या सहीने त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पत्र पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं (सैन्याच्या अभियंता दलाचं) खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला आहे. सोबत सैनिक क्रमांक हवा, नुसत्या नावावरून शोध लागणं कठीण. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

आता मुख्य काम. एका लांब वहीत दोन रकाने आखा: डावीकडे पलटण, उजवीकडे घर. दर वर्षाला एक ओळ. डावीकडे पोस्टिंग, कोर्स, बढती. उजवीकडे लग्न, मुलांचे जन्म, आई-वडिलांची आजारपणं, विहीर, घराचं बांधकाम. दोन्ही रकाने भरले की जे कुणी सांगितलं नव्हतं ते दिसायला लागतं. थोरलीच्या बारशाला ते कुठे होते, वडिलांच्या अंत्यविधीला पोहोचले का, दोन महिन्यांची वार्षिक सुट्टी दरवेळी सुगीतच का घेतली. ‘कुटुंबवत्सल’ या शब्दाचा पुरावा याच ओळींत मिळतो. मनिऑर्डरीच्या पावत्या असतील तर फेकू नका. दर महिन्याला किती पैसे घरी येत होते हे कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त सांगतं.

पत्रांवरच्या पत्त्याने फसू नका. ‘द्वारा 56 एपीओ’ हा सैनिकी टपालाचा पत्ता, त्यावरून गाव कळत नाही. 99 एपीओ असेल तर पूर्वेकडची नेमणूक, एवढंच. नेमकं ठिकाण पत्राच्या आतल्या मजकुरात शोधा: बर्फ, वाळू, भाताची शेतं.

सगळ्यात जास्त चुका पदकांवर होतात. संग्राम पदक 1971 च्या युद्धकाळातल्या सेवेसाठी होतं. तेवढ्यावरून ‘आघाडीवर लढले’ असं लिहिता येत नाही. ‘पूर्वी स्टार’ हे पदक असेल तर पूर्व आघाडी, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिम. 1965 साठी रक्षा पदक आणि समर सेवा स्टार यांच्यातही असाच फरक आहे. ‘ऑपरेशन विजय’ दोन झाली, 1961 चं गोव्याचं आणि 1999 चं कारगिलचं. भरतीचं साल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पलटणीचा इतिहास त्यांच्या नावावर चढवण्याचा मोहही टाळा. जंगी पलटण, म्हणजे 1 मराठा, 1971 ला जमालपूरला लढली हे खरं. पण तुमचे आजोबा त्या महिन्यात बेळगावच्या प्रशिक्षण केंद्रात रंगरूट (नवे भरती झालेले जवान) घडवत असतील तर तेच लिहा. ते कामही कमी नाही.

पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. भिंगातून वाचा. ब्रासोने घासू नका, कोरीव अक्षरं झिजतात. कोरडं मऊ कापड पुरे.

हुद्दा निवृत्तीच्या वेळचा लिहा. मानद नायब सुभेदार किंवा मानद कॅप्टन असतील तर ‘मानद’ शब्द गाळू नका, गावातले इतर माजी सैनिक ती चूक पहिल्यांदा पकडतात. वयोमानाने वारले असतील तर ‘शहीद’ लिहू नका.

आजींशी बोलायला दोन बैठका ठेवा, पाऊण-पाऊण तासाच्या, दुपारी, सुना-नातवंडांची गर्दी नसताना. ‘आबा कसे होते?’ असं विचारलं की ‘चांगले होते’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी वही समोर धरा: ‘आजी, 71 च्या डिसेंबरात घरी कोण कोण होतं? खबर कशी यायची? पेन्शनीवर आल्यावर पहिल्या महिन्यात काय बिनसलं?’ हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. वीस वर्षं एकटीने चालवलेल्या घरात रोज पहाटे पाचला उठवणारा माणूस आला की खटके उडतातच, आणि ते गाळलं तर स्मरणिका फ्लेक्ससारखी होते. त्यांच्या पलटणीतला कुणी साथीदार हयात असेल तर त्यालाही भेटा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे किंवा शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

फोटो अल्बममधून ओरबाडून काढू नका, काचेला चिकटला असेल तर काचेसकट त्याचा फोटो घ्या. पासपोर्ट आकाराचा फोटो निदान 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा, नाहीतर पानभर मोठा केल्यावर चेहरा फुटतो. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने.

ए फाइव्ह आकाराच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात: 8, 12 किंवा 16. सैनिक क्रमांक, पीपीओ आणि बँकेचा तपशील छापू नका, आणि डिस्चार्ज बुकाचं पान फोटो म्हणून टाकताना ते आकडे झाका. पेन्शनरांची फसवणूक करणाऱ्यांना तेवढं पुरतं. रेकॉर्डमध्ये आजींचं नाव माहेरचं किंवा चुकीच्या स्पेलिंगचं असू शकतं. पुस्तिकेत घरात चालतं तेच घ्या.

छापखान्यात युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात. ‘रेजिमेंट’, ‘कॅप्टन’, ‘दुर्गम’ असे शब्द आणि सगळी आडनावं कागदी प्रूफवर दोघांनी वेगवेगळी तपासावीत, मोबाइलवरच्या फाइलवर भरवसा ठेवू नये.