स्कूटरला जादा लाइट लावताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की नाशिकजवळच्या निफाडचा पारा बातम्यांत झळकतो, आणि इकडे सायखेडा-चांदोरीच्या बाजूला, गंगापूर धरणाच्या अंगाने, म्हसरूळ सोडून दिंडोरीकडे निघालं की पहाटे धुकं थेट रस्त्यावर उतरतं. सातपूर-अंबडची पहिली पाळी गाठणारे, भाजीच्या गोण्या घेऊन मार्केटला निघालेले, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणारे हौशी, यातले कितीतरी जण स्कूटरवर असतात. मग जादा लाइटची आठवण होते आणि दुकानदार म्हणतो, "दादा, वीस-वीस वॅटची जोडी टाकू, दिवस उजाडेल बघा."

उजाडतो, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. तुमच्या पुढे मात्र पांढरा पडदा उभा राहतो. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब. उंचावरून जोरात प्रकाश टाकला की तो त्या थेंबांवरून उलटा तुमच्याच डोळ्यांत येतो. धुक्यात अप्पर लावू नये ते याचसाठी, आणि आरशाच्या दांडीवर लाइट लावणं ही पहिली चूकही याचसाठी. लाइट हेडलाइटच्या खाली हवा: लेगगार्ड असेल तर त्याच्या खालच्या नळीला, नसेल तर पुढच्या पत्र्याखाली मजबूत क्लॅम्पने. प्लास्टिकच्या मडगार्डला स्क्रू मारून लावलेला लाइट पहिल्या खड्ड्यापासूनच मान टाकायला लागतो.

पिवळा प्रकाश धुकं कापतो, हे सगळेच सांगतात. पण धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की पांढरा काय, पिवळा काय, जवळपास सारखाच विखुरतो. निळसर पांढऱ्या एलईडीपेक्षा पिवळा डोळ्यांना कमी टोचतो, एवढा फायदा नक्की आहे. म्हणून पिवळा घ्या, पण आधी झोत बघा. रुंद, चपटा आणि वरच्या कडेला सरळ कापलेला झोत हवा. गोल, लांब जाणारा झोत मोकळ्या हायवेला ठीक, धुक्यात कुचकामी.

लाइट बसवल्यावर अँगल बहुतेक जण अंदाजाने लावतात. त्यापेक्षा सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर स्कूटर उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर हवी आणि सीटवर कोणीतरी बसलेलं हवं, कारण माणूस बसला की मागचं शॉकअप दबतं आणि पुढचा झोत वर उचलला जातो. लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण चार बोटं खाली पडली पाहिजे.

आता विजेचं गणित. स्कूटरची बॅटरी १२ व्होल्टची आणि साधारण ३ ते ५ अँपिअर-तासांची असते. चाळीस वॅटची जोडी सव्वातीन अँपिअर ओढते. इंजिन बंद ठेवून ३ अँपिअर-तासांची बॅटरी तासभरही पुरणार नाही. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतोच, म्हणजे चार्जिंगवर तो भार आधीपासून आहे. नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये गाडी आयडलला रखडली की चार्जिंग कमी आणि खर्च तेवढाच. थंडीत बॅटरीची ताकदही घटते. मग सकाळी सेल्फ नुसता कटकट करतो, हॉर्न बसका येतो आणि दोष बॅटरीला मिळतो. नवी बॅटरी घेण्याआधी मल्टीमीटर लावा. सगळे लाइट चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.५ व्होल्टच्या वर दिसलं तर चार्जिंग ठीक आहे. साडेबाराच्या आसपासच अडलं, तर एकतर भार जास्त आहे किंवा चार्जिंगमध्ये बिघाड आहे. लाइट बंद करून आकडा वर गेला तर समजा, भारच जास्त. माझ्या मते स्कूटरला कमी वॅटचा एकच चांगला लाइट पुरतो. जोडी दिसायला छान दिसते, एवढंच.

हेडलाइटच्या वायरीतून जोड काढणं ही सर्रास होणारी चूक. ती वायर आणि स्विच तेवढ्या करंटसाठी नसतात. आधी गरम होतात, मग वितळतात. बॅटरीपासून वेगळी वायर घ्या, बॅटरीच्या अगदी जवळ ५ अँपिअरचा फ्यूज टाका आणि मध्ये रिले लावा, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून आलेली वायर, ८७ ला लाइट, ८६ ला स्विचमधून येणारी चावीची लाइन, ८५ ला अर्थिंग. चावी काढली की लाइट विझला पाहिजे, नाहीतर रात्रभर पार्किंगमध्ये जळत राहील. मूळ वायरिंग कापू देऊ नका, वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

फ्यूज फक्त हँडल वळवल्यावर उडत असेल, तर गाडीच्या मानेपाशी बघा. वायर तिथे घासून तांबं उघडं पडलेलं सापडेल. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणत किंवा चिमटत नाही ना, हे झाकण बसवण्याआधी तपासावं, आणि नुसत्या टेपऐवजी वायरीवर स्लीव्ह चढवावी. लाइट खड्ड्यात लुकलुकत असेल तर बहुधा अर्थिंग रंगावरच कसलेलं असतं. बोल्टखालचा रंग खरवडून पुन्हा कसा.

हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये नुसता एलईडी बल्ब बसवू नका. आतला आरसा हॅलोजनच्या फिलामेंटच्या जागेनुसार बनवलेला असतो. एलईडीचा झोत त्यात फाकतो आणि समोरच्याला आंधळं करतो. पुढे लाल किंवा लाल-निळे लुकलुकणारे दिवे तर लावूच नका, ते नियमातही बसत नाहीत.

पुढे एवढा खर्च करणारे मागे बघतच नाहीत. लांब जर्किन, मागे बांधलेली पिशवी, दुधाचे कॅन, सगळं टेललाइटवर येतं आणि मागून येणाऱ्या पिकअपला तुम्ही दिसतच नाही. मागे लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टी लावा, कॅनलाही लावा. तिला ना वायर लागते ना फ्यूज. धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका, वळताना कोणालाच कळत नाही. आणि उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा असेल असं कधीच धरून चालू नका. उजेड जिथवर पोचतो, तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवा.