अखर्चित निधीचा हिशेब : गटसाधन केंद्रात रुजू होणाऱ्या लेखा लिपिकांसाठी

परभणी जिल्ह्यातील एका गटसाधन केंद्रात (तालुक्यातील शाळांना साहाय्य करणाऱ्या शिक्षण विभागाच्या कार्यालयात) मी समग्र शिक्षा या शालेय शिक्षण योजनेचा लेखा लिपिक म्हणून रुजू झालो, तेव्हा शाळेच्या खात्यातील शिल्लक म्हणजे मुख्याध्यापकांनी केलेली काटकसर, असा माझा समज होता. सरकारी हिशेबात काटकसरीला तसे स्थान नाही. निधी ज्या लेखाशीर्षाखाली (हिशेबातील ठरलेल्या सदराखाली), ज्या कामासाठी आणि ज्या वर्षासाठी आला, त्यातच तो खर्ची पडला पाहिजे. म्हणून शिल्लक दिसली की आकड्याआधी ती कोणत्या निधीची, हे पाहावे.

राज्याच्या अर्थसंकल्पातील तरतूद ३१ मार्चला व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते, आणि खर्च होणार नाही अशी रक्कम त्याआधीच समर्पित करणे, म्हणजे शासनाला परत करणे, अपेक्षित असते. जिल्हा वार्षिक योजनेतून वर्गखोली दुरुस्तीसारख्या कामांसाठी जिल्हा परिषदेला मिळालेल्या निधीस मात्र पुढील आर्थिक वर्षाअखेरपर्यंत मुदत असते. त्यानंतर उरलेले पैसे चलनाने शासनाकडे भरावे लागतात. समग्र शिक्षा ही २०१८ पासूनची योजना असून तिच्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असल्यामुळे तिची शिल्लक दोन घरची असते.

पूर्वी या योजनेतील संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे शाळेच्या किरकोळ वार्षिक खर्चाचे पैसे, शाळेच्या बँक खात्यात येऊन पडत असे. ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये, आणि त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर. रक्कम मोठी नाही, पण ती आमच्याकडे बहुधा जानेवारीनंतर पोहोचत असे. खाते मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांच्या संयुक्त सहीचे, अध्यक्ष म्हणजे पालकांपैकीच एक, आणि आमच्या भागातील कितीतरी पालक दिवाळीनंतर उसाच्या फडावर गेलेले. अध्यक्ष कोल्हापूरकडे, धनादेश पुस्तिका शाळेच्या कपाटात आणि ३१ मार्च तोंडावर, अशा अवस्थेत राहिलेल्या पैशाला ‘शाळांची उदासीनता’ म्हणून मोकळे होणे मला कधीच न्याय्य वाटले नाही.

१ जुलै २०२१ पासून केंद्र पुरस्कृत योजनांना एकल नोडल खात्याची पद्धत लागू झाली. या पद्धतीत निधी राज्यस्तरावरील एकाच खात्यात राहतो आणि शाळेच्या शून्य शिल्लक खात्याला केवळ खर्चाची मर्यादा मिळते. ती वापरली नाही तर शाळेच्या पासबुकात काहीच उरत नाही. या बदलाच्या वेळी जुन्या खात्यांतील अखर्चित रक्कम वर पाठवायची होती. मी शाळाशाळांची पासबुके भरून घेतली, कीर्दीशी (रोजच्या जमाखर्चाच्या वहीशी) ताळमेळ घातला आणि मुद्दल पाठवून निश्चिंत झालो. परंतु बँकेने तिमाहीचे व्याज नंतर जमा केले. एका शाळेच्या खात्यात राहिलेल्या १३७ रुपयांपायी माझे निरंक प्रमाणपत्र (खात्यांत काहीही शिल्लक नाही, असा दाखला) दोन महिने अडकले. खाते बंद करण्याचा अर्ज देताना त्या दिवसापर्यंतचे व्याज जमा करून घ्यावे आणि ते मुद्दलात न मिसळता वेगळे दाखवावे, कारण व्याजही शासनाचेच असते.

शिल्लक इतकी का टोचते, हे नव्या पद्धतीतील हप्त्यांवरून कळते. केंद्र आपला वाटा एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक सोडत नाही, आणि आधी मिळालेल्या निधीपैकी किमान ७५ टक्के खर्च झाल्याशिवाय पुढचा हप्ता देत नाही. म्हणजे तालुक्यातील शाळांनी न वापरलेली मर्यादा राज्याचा पुढचा हप्ता अडवू शकते. येथे एक ठळक भेद लक्षात ठेवा: दुकानदाराला दिलेली अग्रिम रक्कम म्हणजे खर्च नव्हे. देयक, साठा नोंदवहीतील नोंद आणि समितीचा ठराव असल्याशिवाय उपयोगिता प्रमाणपत्रात (निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यात) आकडा घालू नये. लेखापरीक्षक नेमके तेथेच बोट ठेवतात.

आता पीएफएमएसवर (सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर) पुरवठादाराची नोंदणी आधी झालेली असावी लागते आणि छापलेल्या प्रदान सूचनेवर (बँकेला पैसे देण्यास सांगणाऱ्या पत्रावर) सह्या घेऊन ती मुदतीत बँकेत पोहोचवावी लागते. ऐन मार्चमध्ये सर्व्हर रखडतो, हे गृहीतच धरावे. मी हल्ली ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वीच, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या समिती सभेत, खरेदीची यादी मंजूर करून घ्यायला मुख्याध्यापकांना सांगतो. अध्यक्ष बाहेरगावी जाणार असतील तर सहीच्या पर्यायाबाबत ठराव आणि बँकेचा पत्रव्यवहार त्याच महिन्यात उरकावा. कोऱ्या धनादेशावर आधीच सही घेऊन ठेवण्याची जुनी सोय कोणी सुचवली, तर तिला नकार द्यावा.